जाणाऱ्यांची वही

गुरुजींना आवरतं घेणं कधी जमलंच नाही. माणूस सोन्यासारखा, पण कार्डावर चार ओळींची जागा असेल तर हा सहा ओळी लिहिणार आणि उरलेलं पाठीमागे. आमच्या अभिलेखागारात त्यांनी लिहिलेली अशी एकतीस हजार कार्डं होती. ते गेल्यावर दोन वर्षांनी ती सगळी एका साच्यात बसवून संगणकात चढवायचं काम माझ्याकडे आलं. मुदत अकरा महिने. मी आनंदानं हो म्हणाले, हे आधीच कबूल करते.

साचा सुटसुटीत होता. नाव, काळ, कुणी तयार केलं, आकार, प्रत. पाच रकाने, बाकी काही नाही. मत नको, विशेषण नको, हळहळ नको. गुरुजींचं कार्ड म्हणायचं, "पेटी चाळीस. पुलाच्या कामावरच्या मजुरांच्या तक्रारी. नववी वाचताना हसू आवरत नाही. दहावी वाचल्यावर आपण हसलो याची लाज वाटते." त्याच्या जागी मी लिहायचे, "तक्रार अर्ज, एक पेटी." लिहून झालं की कपाट आवरल्यासारखं बरं वाटायचं. भांडारातले मामा, म्हणजे पेट्या वर-खाली करणारे आमचे जुने गृहस्थ, मला तोंडावर 'कात्री' म्हणायचे. मला त्याचा राग येत नसे. मला वाटायचं, कुणीतरी कात्री व्हायलाच हवं.

घरीसुद्धा मी स्वयंपाकघरातल्या बरण्यांना एकसारख्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. 'पांढरी पूड, १ ते ४.' नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी चहात मीठ घातलं आणि तो प्यायलाही, कारण माझ्याशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

पण आठव्या महिन्यापासून मला बसवेना. एका कार्डाला चार मिनिटं, असा हिशोब बसला होता आणि तो मी पाळत होते. तरी खुर्चीत बसलं की उठावंसं वाटे, उठून खिडकीपर्यंत गेलं की परत यावंसं वाटे. गॅस चालू ठेवून घराबाहेर पडल्यावर जे वाटतं, तसं दिवसभर वाटायचं. पेनाचं टोपण काढ-घाल करून मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला इतकं छळलं की ती जागा बदलून दुसऱ्या मजल्यावर गेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्तात काही नव्हतं.

आता इथे दुबार प्रतींचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथेच अडलं. पूर्वी प्रत्येक कचेरी आपल्या वहीच्या दोन प्रती करायची, एक स्वतःकडे आणि एक वरच्या कचेरीत. पुढे काही वर्षांनी दोन्ही आमच्याकडे येऊन पडल्या आणि जागा संपली. म्हणून नवा नियम आला. दोन नोंदींचं नाव, काळ आणि पानांची संख्या जुळली की संगणक दुसरीपुढे लाल ठिपका दाखवणार. एक प्रत ठेवायची, ठिपक्याची कागदाच्या कारखान्यात लगद्याला पाठवायची. वही उघडून बघा, असं नियमात कुठेच नव्हतं. वर्णन नीट असेल तर उघडायची गरज काय, हे वाक्य बैठकीत मीच म्हटलं होतं आणि साहेबांनी ते लिहून घेतलं होतं. महिन्याला एक यादी निघायची. यादीवर सही माझी.

बुधवारी अकरा वाजता एक शिंपी आपल्या आईला घेऊन वाचनकक्षात आला. शिंपी हे मला त्याच्या गळ्यातल्या टेपवरून कळलं. दुकानातून निघताना काढायचीच विसरला होता. वय साठीपुढचं. आई चौऱ्याऐंशीची, वाकलेली, हातात कापडी पिशवी. त्यानं पाकिटातून घडीवर फाटलेली चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. अक्षर गुरुजींचं होतं. "रुग्णालय, मुलींचा विभाग. कागद साठ वर्षं बंद आहेत. मुदत संपल्यावर यावे. मिळेल." खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

"या महिन्यात उघडतं म्हणाले होते, ताई," शिंपी म्हणाला. "आम्ही मोजत होतो."

"कुणाची नोंद?"

उत्तर आईनं दिलं. "माझ्या थोरलीची. बाळीची. सात वर्षांची होती. छातीचा आजार निघाला, तिच्या बापानं नेऊन रुग्णालयात ठेवली. मला काही जाऊ दिलं नाही, हा लहान होता, घरात आजार येईल म्हणून. सहा-सात महिन्यांनी एक दिवस येऊन म्हणाले, गेली. कुठे मातीला दिली ते सांगितलं नाही. विचारलं की ताट भिरकवायचे."

"बाबा गेले तरी सांगून गेले नाहीत," शिंपी म्हणाला.

"मला जागा पाहिजे," म्हातारी म्हणाली. "दुसरं काही नको. मी जायच्या आधी एकदा तिच्यापाशी जाऊन बसायचंय."

मी संगणकात शोधलं. 'रुग्णालय, मुलींचा विभाग, नोंदवही, एक खंड.' पहिल्या फटक्यात मिळालं. दहा मिनिटांत मामांनी वही आणून टेबलावर ठेवली आणि मी शिंप्याकडे जरा तोऱ्यानंच पाहिलं. गुरुजींच्या काळात याला अर्धा दिवस लागला असता.

नोंदही लगेच सापडली. वय सात. सोबत वडील. खोकला चार महिने. अंगावर निळा फ्रॉक, डाव्या कोपराला ठिगळ.

"ते मी लावलं होतं," म्हातारी म्हणाली.

पुढे काही लिहिलेलं नव्हतं. शेवटच्या रकान्यात फक्त एवढंच होतं: 'जाणाऱ्यांची वही, पान ११४ पाहावे.'

मी वही चाळली. ती सबंध वही येणाऱ्या मुलींची होती. बरी झाली, दगावली, कुठे नेली, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. "दोन मिनिटं बसा," म्हणून मी उठले. संगणकात जाणाऱ्यांची वही असं काही नव्हतं, कारण असं पाल्हाळ मी कुठेच ठेवलं नव्हतं. होती ती तीच ओळ पुन्हा एकदा. 'रुग्णालय, मुलींचा विभाग, नोंदवही, एक खंड.' काळ तोच. पानं तेवढीच, कारण दोन्ही कोऱ्या वह्या एकाच छापखान्यातून आल्या असणार. आणि पुढे लाल ठिपका. दुबार. यादी सात.

तरी खात्री करायला म्हणून मी गॅलरीत गेले. जुनी कार्डं तिथे खोक्यांत भरून ठेवली होती, वर्ष संपलं की ती जायची होती. गुरुजींची दोन कार्डं एकामागे एक होती. पहिल्यावर, "येणाऱ्यांची वही." दुसऱ्यावर, "जाणाऱ्यांची वही. वाचायला देताना माणसाला आधी बसायला सांगावे." दुसऱ्या ओळीवर माझी लाल रेघ होती. ती मारतानाचं आठवतही होतं मला. मी मोठ्यानं हसले होते आणि शेजारच्या मुलीला वाचून दाखवलं होतं.

"मामा, यादी सात कुठे आहे?"

"ती होय? सकाळीच खाली उतरवली. गाडी लागलीय मागच्या अंगणात. का गं कात्री, तोंड का उतरलं?"

मी जिन्यावरून धावत सुटले. सांगायला लाज वाटते, पण त्या तीन मजल्यांत माझ्या डोक्यात एक वाक्य तयार होऊन बसलं होतं: 'नोंद उपलब्ध नाही.' आमच्याकडचं मंजूर वाक्य आहे ते. त्यात कुणाचा दोष नसतो. म्हातारी पिशवी उचलून गेली असती, शिंप्यानं मला नमस्कारही केला असता, आणि कुणाला काही कळलं नसतं. दुसऱ्या मजल्यावर तर मी क्षणभर थांबलेसुद्धा. मग मामा मागून धापा टाकत येताना ऐकू आले आणि मी पुन्हा धावले.

अंगणात गाडी निम्मी भरली होती. एकसष्ट गठ्ठे, सुतळीनं बांधलेले. प्रत्येकावर माझी छापील चिठ्ठी. मी पहिल्या गठ्ठ्याची चिठ्ठी वाचली. 'नोंदवही, एक खंड.' दुसऱ्याची वाचली. 'नोंदवही, एक खंड.' आठव्या चिठ्ठीला मी थांबले. चिठ्ठ्या वाचून यातलं काही म्हणता काही सापडणार नव्हतं.

"सगळं खाली उतरवा," मी गाडीवाल्याला म्हणाले.

"बाई, मला चारच्या आत कारखान्यात पोचायचंय."

"मग लवकर उतरवा."

तो कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. वर खिडकीत साहेब आले होते. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं. "यादी मंजूर झालेली आहे. तुमचीच सही आहे तिच्यावर."

"माझीच आहे, साहेब. म्हणून मीच थांबवतेय."

"कारण काय लिहू?"

"वर्णन चुकलं असं लिहा," मी ओरडून सांगितलं. सबंध इमारतीनं ऐकलं असेल. ऐकू दे, असं वाटलं.

मामांनी खिशातला चाकू काढला आणि आम्ही दोघं फरशीवर बसून सुतळ्या कापत सुटलो. पहिली वही खरंच दुबार निघाली. दुसरीही. तिसरी एका शाळेची शिक्षांची वही होती. दुबार म्हणून तिच्या बदली जी ठेवली होती, ती हजेरीची असणार, कारण चिठ्ठी तीच. पानं चाळू नको, फक्त पहिलं पान बघ, असं मामा सांगत होते आणि मी प्रत्येक वही पुन्हा पुन्हा उघडत होते. गाडीवाल्यानं पहिल्यांदा शिव्या दिल्या, मग विडी ओढली, मग तोही बसून सुतळ्या कापू लागला. "नेमकं काय शोधायचंय?" त्यानं विचारलं.

"एक मुलगी," मामा म्हणाले.

सत्तेचाळिसाव्या गठ्ठ्यात वही मिळाली. पहिल्याच पानावर निळ्या शाईत, मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: जाणाऱ्यांची वही. जीव भांड्यात पडला म्हणायला हरकत नव्हती, पण पडला नाही. मी ती छातीशी धरून वर गेले. एक वाजून गेला होता. मायलेक जिथे बसवले होते तिथेच बसून होते. म्हातारीनं पिशवी मांडीवरून खालीसुद्धा ठेवली नव्हती.

मी त्यांच्यासमोर बसून पान एकशे चौदा उघडलं आणि आधी मनात वाचलं. शिंपी माझ्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. त्यानंही वाचलं. मग त्याचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट आला. मी वळून पाहिलं तर तो आईला दिसणार नाही अशा बेतानं मान हलवत होता. नको. वाचू नका.

मला वाचायचं नव्हतंच. आणि गंमत म्हणजे, न वाचता खरं सांगायची सोय माझ्याकडे होती. 'रुग्णालयातून पाठवली, तारीख अमुक.' त्यात एक शब्द खोटा नव्हता. असं लिहिण्यात तर माझे आठ महिने गेले होते.

"गप्प का झालात दोघं?" म्हातारी म्हणाली. "डोळ्यांनी धड दिसत नाही मला, कान शाबूत आहेत. काय आहे ते वाच, पोरी. लिहिलंय तसं वाच. मधलं खाऊ नको."

शिंप्यानं खुर्ची सोडली. मी वाचलं.

"'बरी. वजन वाढले, खोकला नाही. घरी तीन पत्रे पाठवली, उत्तर नाही. चौथ्या वेळी माणूस पाठवला. घरच्यांनी नेण्यास नकार दिला. नकारपत्र जोडले आहे, वडिलांची सही व आईचा अंगठा. मुलगी रोज फाटकापाशी बसते. मुलींच्या वसतिगृहात पाठवली.'"

खाली टाचणीनं टाचलेला छोटा कागद होता. टाचणी गंजून त्याचा डाग पडला होता. अंगठा मात्र स्वच्छ उठला होता.

म्हातारीनं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. मग तिनं विचारलं, "बरी झाली होती?"

"हो, आजी."

"अंगठा माझा आहे?"

"तसं लिहिलंय."

"आला होता एक माणूस," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "सायकलवरून आला होता. हे म्हणाले, औषधाचा कागद आहे, अंगठा दे, म्हणजे भारीतलं औषध देतील. मी दिला. त्या माणसाला पाणी दिलं. लांबून आला होता म्हणून गूळही दिला पाण्याबरोबर."

शिंपी खिडकीकडे तोंड करून उभा होता. "आई, मला यातलं काही माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"तुला कसं माहीत असणार? चार वर्षांचा होतास तू." मग माझ्याकडे वळून, "फाटकापाशी बसायची म्हणालीस, ते परत वाच."

मी परत वाचलं. तिनं मान हलवली, जणू पत्ता नीट लिहून घेतला. मी उगाचच वहीची कड पुसत होते. मला त्या बापाचा संताप आला होता, त्याहून जास्त स्वतःचा. तीन तासांनी ती चिठ्ठी लागलेली वही पाण्यात भिजून लगदा झाली असती आणि ही बाई उरलेलं आयुष्य माती शोधत फिरली असती.

"म्हणजे इथे मेली नाही ती," म्हातारी म्हणाली.

"इथे नाही."

"आता किती वर्षांची असेल रे?"

"सदुसष्ट," शिंपी म्हणाला. त्याला हिशोब करावा लागला नाही.

"म्हणजे अजून असू शकते." तिनं आता पहिल्यांदा पिशवी खाली ठेवली. "त्या वसतिगृहात जायचं कुठून?"

"ते कधीच बंद झालं, आजी. पण त्यांच्या वह्या आमच्याकडे आल्या आहेत. तिथून कुठे गेली, लग्न झालं का, नोकरीला लागली का, असं काही त्यांत असेल."

"मग काढ की."

मी संगणक त्यांच्याकडे वळवला आणि शोधलं. अकरा ओळी आल्या. शिंप्यानं चष्मा लावून आईसाठी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "वसतिगृह, मुली, नोंदवही, एक खंड. वसतिगृह, मुली, नोंदवही, एक खंड. वसतिगृह, मुली..." तिसऱ्या ओळीला तो थांबला आणि खालपर्यंत नुसती नजर फिरवली. काळाच्या रकान्यात साचा दशक मागायचा, म्हणून वर्षही कुठे वेगळं नव्हतं. चार ओळी करड्या होत्या. त्या मागच्या महिन्याच्या यादीतल्या.

"सगळ्या सारख्याच आहेत, आई."

"यातली बाळीची कुठली?" म्हातारीनं मला विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "हे मीच लिहिलंय. आणि यातल्या चार वह्या आता नाहीत. कारखान्यात गेल्या. त्यावरही सही माझीच आहे."

शिंप्यानं चष्मा काढला. मला वाटलं, तो आता बोलेल, आणि त्यानं बोलावं असंच वाटत होतं. म्हातारीनं हात पुढे करून टेबलाची कड चाचपली आणि खुर्ची जवळ ओढून घेतली.

"सात राहिल्या ना," ती म्हणाली. "त्या आण."